अनुभवी माणसाचा प्रवेशअर्ज

जून महिना उजाडला कीं घरोघर एकच विषय निघतो, आणि तो म्हणजे कोणत्या मुलाचें नांव कोणत्या शाळेंत घालावयाचें. छत्तीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें शाळेच्या प्रवेशअर्जाचीं सारीं कलमें आम्हांस मुखोद्गत आहेत. मुलाचें नांव, जन्मतारीख, मागील शाळा, पालकाचा व्यवसाय, आणि शेवटीं पालकाची सही. असे हजारों अर्ज आमच्या हाताखालून गेले. परंतु ज्यावर पालकाच्या सहीची जागाच नाहीं, असा प्रवेशअर्ज गेल्या आषाढांत आम्हीं प्रथम पाहिला. तो आमच्याच घरांतला होता. आणि अर्जदार होती आमच्या धाकट्या बंधूंची सून, वय वर्षें चव्वेचाळीस. त्या अर्जानें घरांत जी खळबळ उडविली आणि तिच्यांतून आम्ही जें शिकलों, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावें असा विचार आहे. ज्यांच्या घरांत कोणी उद्योग करीत असेल त्यांस यांतील कांहीं तरी उपयोगीं पडेल.

आमचें कुटुंब एकत्र आहे. जुहूस एका जुन्या इमारतींत शेजारशेजारचे दोन ब्लॉक, मधली भिंत पाडलेली, आणि चूल एक. सोळा वर्षांपूर्वीं या चुलीवर सूनबाईनें चार किलो थालीपिठाची भाजणी भाजली व शेजारणींना विकली. आज अंधेरीस तिचा गाळा आहे, तेथें अकरा बायका कामाला आहेत, आणि भाजणी, मेतकूट, गोडा मसाला व दिवाळीचा फराळ असा तिचा माल मुंबईच्या उपनगरांतून जातो. घरांत तिचें कौतुक आहे; पण तें, खरें सांगावयाचें तर, लेकीच्या रांगोळीचें असावें तशा जातीचें आहे. तिच्या धंद्याचा ताळेबंद आमच्यापैकीं कोणी कधीं उघडून पाहिला नव्हता.

एका संध्याकाळीं जेवणापूर्वीं तिनें कांहीं कागद आमच्यापुढें ठेवले आणि म्हणाली, "काका, तुम्ही जन्मभर निबंध तपासलेत. हा एक तपासा." मुंबईंतील एका व्यवस्थापन-संस्थेनें अनुभवी लोकांसाठीं एक वर्षाचा अभ्यासक्रम चालविला आहे, वर्ग शनिवारीं व रविवारीं भरतात, त्यास तिला अर्ज करावयाचा होता. अर्जाबरोबर दोन निबंध लिहावयाचे होते. आपण आजवर काय केलें, हा एक; आणि आपणांस आमच्याकडे कां यावयाचें आहे, हा दुसरा.

जेवणाच्या पानावर ही वार्ता फुटली. आमच्या भावजयीनें आमटीचा डाव हातांत तसाच धरून विचारलें, "दिवाळीच्या तोंडावर तूं पुस्तक घेऊन बसलीस, तर चकल्या कोण तळणार?" आमचे बंधु बँकेंतून निवृत्त झालेले, त्यांची हरकत अधिक शास्त्रोक्त होती. ते म्हणाले, "पदवी घ्यावी ती नोकरीसाठीं. हिला कोठें नोकरी करावयाची आहे? उद्यां असे पदवीवालेच हिच्याकडे नोकरीस येतील." पुतण्या खालीं मान घालून भात कालवीत राहिला. ज्या घरांत नवरा अशा वेळीं गप्प बसतो, तेथें त्याचें मत विरुद्ध आहे असें सासू समजते, अनुकूल आहे असें बायको समजते, आणि दोघीही फसतात.

बंधूंच्या वाक्यांत आमच्या साऱ्या वर्गाची समजूत सांपडते. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विद्येला मान आहे. परंतु इंग्रजी अमदानीपासून विद्या म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे पदवी, आणि पदवी म्हणजे महिन्याच्या एक तारखेचा पगार, अशी सांखळी आपण जोडून टाकली. त्यामुळें ज्याला पगार नको त्याला विद्या कशाला, असा उफराटा प्रश्न आपल्याच तोंडून निघूं लागला.

बंधूंनीं दोन दाखलेही दिले. आमच्या गच्चीवरून जुहूचा जुना विमानतळ दिसतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन निघालेलें छोटें विमान अहमदाबादेस थांबून याच जुहूस उतरलें. तें चालविणारे जे. आर. डी. टाटा पदवीधर नव्हते. दुसरा दाखला मुंबईच्या डबेवाल्यांचा. त्यांच्या कामावर हार्वर्डच्या व्यवस्थापन-शाळेनें २०१० सालीं अभ्यासाचा एक पाठच तयार केला. "ज्यांच्यावर हार्वर्ड धडे लिहितें, ते कोणत्या वर्गांत बसले होते?" असें विचारून बंधूंनीं ताक मागितलें.

दाखले खरे आहेत, पण ते अर्धे आहेत. जे. आर. डी. यांना केंब्रिजला जावयाचें होतें. १९२५ सालीं वडिलांनीं हिंदुस्थानांत बोलावून घेतल्यामुळें तो बेत राहिला, आणि त्याची रुखरुख त्यांनीं पुढें बोलून दाखविली आहे. इतकेंच नव्हे, तर त्यांच्याच कारकीर्दींत, १९६६ सालीं, टाटा समूहानें पुण्यास आपल्या व्यवस्थापकांसाठीं शिक्षणकेंद्र काढलें. म्हणजे स्वतः पदवी न घेतलेल्या पुरुषानें कर्त्यासवरत्या माणसांसाठीं वर्ग उघडविला. पदवीवांचून मोठें होतां येतें, हें या उदाहरणावरून सिद्ध होतें. शिकण्यावांचून मोठें होतां येतें, हें होत नाहीं. डबेवाल्यांचें म्हणाल तर त्यांची पद्धति शंभरांहून अधिक वर्षें हजारों माणसांनीं घांसून-पुसून तयार केलेली आहे. आमची सूनबाई एकटी, आणि तिला सोळाच वर्षें मिळालेलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं फिरावयास निघालों तों जुहूतारा मार्गावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या आवारापाशीं पाय थबकले. रोज या फाटकावरून जातों, परंतु त्या दिवशीं तें निराळें दिसलें. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापन केलें, तेव्हां त्यांची स्वतःची अठ्ठावन्न वर्षें भरलीं होतीं. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्षांची देणगी दिली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें. त्या काळीं आपल्या घरांतून विचारला जाणारा प्रश्न हाच होता: हिला कोठें नोकरी करावयाची आहे? आज त्याच विद्यापीठाच्या या आवारांत जानकीदेवी बजाज यांच्या नांवाची व्यवस्थापन-शिक्षणाची संस्था १९९७ पासून स्त्रियांना उद्योगाचें शास्त्र शिकवीत आहे. प्रश्न शंभर वर्षांत जागचा हलला नाहीं. फाटकाच्या आंतलें जग मात्र बदललें.

घरीं येऊन आम्हीं आधीं चौकशीचें काम हातीं घेतलें. वाचकांच्या सोयीसाठीं तिचें सार येथें देतों. व्यवस्थापनाचें शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या अनुभवी उद्योजकास ढोबळ मानानें तीन वाटा आहेत. पहिली पुऱ्या पदवीची. तीस बहुधा आधींची पदवी लागते आणि प्रवेशपरीक्षा असते. अहमदाबादेच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेनें २००६ पासून अनुभवी लोकांसाठीं एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालविला आहे. त्यास वय निदान पंचवीस व कामाचा अनुभव निदान चार वर्षांचा लागतो. अशा ठिकाणीं आणि परदेशांतील शाळांत जीमॅट नांवाची परीक्षा चालते. तिचें आजचें स्वरूप सव्वादोन तासांचें आहे. गणित, भाषा आणि माहितीचा अर्थ लावणें असे तीन भाग, गुण २०५ पासून ८०५ पर्यंत, आणि एकदां मिळालेले गुण पांच वर्षें चालतात. दुसरी वाट खास उद्योजकांसाठीं आंखलेल्या अभ्यासक्रमांची. आमच्या शेजारीं अंधेरीस एस. पी. जैन संस्थेंत घरचा व्यवसाय चालविणाऱ्यांसाठीं असें शिक्षण आहे. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेनें स्त्री-उद्योजकांचे वर्ग चालविले आहेत, आणि २००८ सालीं निघालेल्या 'दहा हजार स्त्रिया' या योजनेंत हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसनेंही तेंच काम केलें. तिसरी वाट ज्यांचें शिक्षण अर्ध्यावर राहिलें त्यांची. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळें १९८९ पासून घरीं राहून पदवी पुरी करण्याची सोय झाली आहे. तेथून पुढें पहिल्या वाटेस लागतां येतें. नोकरी न सोडतां अगर गाळा बंद न करितां शिकावयाचें असेल, तर शनिवार-रविवारचे वर्ग बरे.

इतकें झाल्यावर आम्हीं निबंध वाचावयास घेतले. भाषा इंग्रजी, आणि गुळगुळीत इतकी कीं नजर ठरेना. धडाडीचें नेतृत्व, नवनवीन कल्पना, परंपरा व आधुनिकता यांचा संगम, अशीं वाक्यें ओळीनें उभीं होतीं. आम्हीं विचारलें, "हें कोणीं लिहिलें?" तेव्हां कळलें कीं आमच्या नातवानें आईचीं चार टिपणें संगणकास देऊन त्याच्याकडून निबंध करविला होता. शब्द सारे बरोबर होते, परंतु त्यांत भाजणीचा वास कोठें येईना. हा निबंध सूनबाईचा होता, तसाच तो लोणचीं घालणाऱ्या कोणाही बाईचा झाला असता.

आम्हीं म्हटलें, "सूनबाई, हें तुझें सत्कारसमारंभांतलें मानपत्र झालें. अर्ज झाला नाहीं." ती दुखावली. म्हणाली, "काका, अर्ज म्हणजे आपलें चांगलें तेंच सांगावयाचें ना? माझ्या शेजारीं पंचवीस-तीस वर्षांचीं मुलें असणार. वाईट सांगितलें तर मला कोण घेईल?"

तेव्हां आम्हीं तिला छांदोग्य उपनिषदांतील एक कथा सांगितली. प्राचीनशाल, सत्ययज्ञ, इंद्रद्युम्न, जन आणि बुडिल असे पांच गृहस्थ होते. उपनिषद त्यांना 'महाशाल' म्हणतें, म्हणजे मोठ्या घरादाराचे, नांवाजलेले, आणि वेदविद्येंतही थोर. एकत्र बसून विचार करितां त्यांना एका मूळ प्रश्नाचें उत्तर सांपडेना. म्हणून ते उद्दालक आरुणीकडे निघाले. उद्दालकानें त्यांना येतांना पाहून मनांत म्हटलें कीं हे मला विचारतील आणि मला सारें सांगतां येणार नाहीं. त्यानें तें लपविलें नाहीं. त्यांना घेऊन तोही अश्वपति कैकेय राजाकडे गेला. राजानें आदर केला आणि धन देऊं केलें. गृहस्थ म्हणाले, मनुष्य ज्या कामासाठीं येतो तें त्यानें बोलावें. आम्ही धनासाठीं आलों नाहीं, तुम्ही जें जाणतां तें आम्हांस सांगा. राजा म्हणाला, उद्यां सकाळीं. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते मोठ्या घरचे प्रौढ पुरुष, लहान बटूंप्रमाणें, समिधा हातीं घेऊन त्याच्यापुढें उभे राहिले. राजानें त्यांचें उपनयनादि कांहीं केलें नाहीं. त्यानें प्रत्येकास एकच विचारलें: तूं आजवर कशाची उपासना करीत आलास? एक म्हणाला आकाशांतील द्युलोकाची, दुसरा सूर्याची, तिसरा वायूची. प्रत्येकास राजानें सांगितलें कीं तूं धरलें आहेस तें खोटें नाहीं, पण तो एक अवयव आहे.

प्रौढ माणसाच्या शिक्षणाचें याहून चांगलें वर्णन आमच्या वाचण्यांत नाहीं. येथें प्रवेशासाठीं तीन गोष्टी लागल्या. आपण कशासाठीं आलों हें स्पष्ट बोलणें; थोरवी दाराबाहेर ठेवून समिधा हातीं घेणें; आणि आपण काय जाणतों तें विचारल्यावर सरळ सांगणें. शेवटची गोष्ट महत्त्वाची. त्या गृहस्थांनीं अज्ञानाचें सोंग आणलें नाहीं. सोळा वर्षांच्या अनुभवास कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु तो अनुभव एका अवयवाचा आहे, हें ज्याला कळलें तोच शाळेच्या दारांत शोभतो.

कथा संपली तरी सूनबाई बोलेना. आम्हीं विचारलें, "तुझा प्रश्न कोणता? तुला रात्रीं झोंप येऊं देत नाहीं असें काय आहे?" तेव्हां तिनें एकदां आपल्या सासूकडे पाहिलें, आणि मग जें सांगितलें तें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें, तिच्या नवऱ्यासही अर्धेंच.

दोन वर्षांपूर्वीं दुकानांच्या एका मोठ्या सांखळीकडून तिला मागणी आली. दरमहा चार लाखांचा माल. तो करण्यास खर्च ३,४०,०००. म्हणजे महिन्याचा नफा साठ हजार. आम्हीं त्या वेळीं घरांत पेढे वांटले होते. परंतु पैसे मिळावयाचे माल पोंचल्यावर पंचाहत्तर दिवसांनीं. डाळीचा व तेलाचा व्यापारी पंधरा दिवसांत बिल मागतो, बायकांचा पगार एक तारखेस द्यावा लागतो. अडीच महिने दरमहा ३,४०,००० घालीत गेल्यावर पहिला पैसा दिसावयाचा. म्हणजे साडेआठ लाख रुपये दुसऱ्याच्या दुकानांत अडकलेले. त्यांतच मुदत संपलेला माल परत आला आणि त्याची रक्कम कापली गेली. वहींत नफा, आणि पेटींत खडखडाट. चवथ्या महिन्यांत पगार करण्यासाठीं तिनें हातांतल्या पाटल्या गहाण ठेवल्या. सासूनें विचारलें तेव्हां, "पॉलिशला दिल्या आहेत," असें सांगितलें होतें.

भावजय उठून आंत गेली. आम्हांस वाटलें रागावली. ती परत आली ती सूनबाईसाठीं पाणी घेऊन.

पुढील हकीकत थोडक्यांत अशी कीं सूनबाईनें तो व्यवहार सोडला, पाटल्या सोडविण्यास चौदा महिने लागले, आणि त्यानंतर मोठी मागणी आली कीं तिला धडकी भरूं लागली. या प्रकाराला व्यवस्थापनशास्त्रांत 'खेळतें भांडवल' असें साधें नांव आहे आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण असतें, हें तिला नंतर कळलें. तशीच कायद्याचीही गोष्ट. लहान उद्योगांच्या संरक्षणासाठीं २००६ चा अधिनियम आहे. त्याप्रमाणें खरेदीदारानें अशा उद्योगाचे पैसे करार नसेल तर पंधरा दिवसांत, आणि लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आंत दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. परंतु त्याचा आधार घेण्यास आपल्या उद्योगाची सरकारदरबारीं नोंद लागते. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नांवाची ही नोंद घरबसल्या व विनाशुल्क होते. सूनबाईनें ती केलेली नव्हती. ज्या बाईस मेतकुटांतला हिंग किंचित् कमी पडला तर वासावरून कळतें, तिला पंचाहत्तर आणि पंचेचाळीस यांतील तीस दिवसांची किंमत माहीत नव्हती. अनुभव सोळा वर्षांचा, अवयव एक.

"आतां हेंच लिही," आम्हीं म्हटलें, "आणि आधीं मराठींत लिही." तिनें त्या रात्रीं दोन पानें लिहिलीं. शेवटचें वाक्य होतें: विक्री दुप्पट झाली असतां माझी पेटी रिकामी कां झाली, हें समजून घेण्यासाठीं मला तुमच्या वर्गांत बसावयाचें आहे. इंग्रजी भाषांतर नातवानें केलें, पण या वेळीं आईजवळ बसून, एकेक वाक्य तिला विचारून.

तरीही एकदां तिनें विचारलेंच, "काका, माझ्यासारख्या बायकांसाठीं या शाळा असतात का हो?" त्याचें उत्तर सातारा जिल्ह्यांत माण तालुक्यांतील म्हसवड गांवीं आहे. माण हा दुष्काळी मुलूख. मुंबईंत वाढलेल्या चेतना सिन्हा लग्नानंतर तेथें राहिल्या. रस्त्यावर लोखंडाचें काम करणाऱ्या एका बाईस रोजची लहान रक्कम शिल्लक टाकावयाची होती, आणि कोणतीही बँक तिचें खातें उघडीना. तेव्हां बायकांची बँक काढण्याचें ठरलें. परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि परत आला. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकीं अनेकींचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. चेतनाताई खिन्न होऊन गांवीं परतल्या, तर बायका म्हणाल्या, मग आम्ही लिहावयास शिकतों. कामधंदा संभाळून त्या रात्रीं धुळाक्षरें गिरवूं लागल्या. कांहीं महिन्यांनीं पुन्हां अर्ज घेऊन त्या मुंबईस अधिकाऱ्यांपुढें गेल्या आणि म्हणाल्या कीं आमच्या लहानपणीं गांवांत शाळा नव्हती म्हणून वाचतां येत नव्हतें. पण हिशेब आम्हांस येतो. कोणत्याही रकमेचें व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्रावांचून तेंच करावयास सांगा. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढें याच संस्थेनें ग्रामीण उद्योजक स्त्रियांसाठीं व्यवसायशाळा काढली, ती बसमध्यें बसवून गांवोगांव फिरविली, आणि आधींच धंदा करीत असलेल्या बायकांसाठीं 'देशी एमबीए' नांवाचा अभ्यासक्रमही चालविला. २०१८ सालीं दावोस येथील जागतिक आर्थिक परिषदेच्या सहाध्यक्षांत चेतनाताई होत्या.

या कथेंत आम्हांस भावतें तें असें. त्या बायकांनीं आपल्याला जें येतें तें ताठ मानेनें सांगितलें आणि जें येत नाहीं तें आधीं शिकून घेतलें. अहमदाबादेचा अर्ज काय आणि म्हसवडचा काय, मागणें एवढेंच असतें.

आतां कांहीं व्यावहारिक सूचना. नोकरदारास शिफारसपत्र त्याचा वरिष्ठ देतो. उद्योजकास वरिष्ठच नसतो. अशा वेळीं नात्यांतल्या प्रतिष्ठित गृहस्थाकडे धांवूं नये. सूनबाई वाशीच्या बाजारांतील डाळीच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्यांनीं तिला बारा वर्षें उधारीवर माल दिला होता, आणि त्या वाईट वर्षीं एकदां नाकारलाही होता. त्यांनीं दोन्ही गोष्टी लिहिल्या. आमच्या मतें त्याहून चांगलें पत्र मिळालें नसतें. दुसरें, अनुभवाचा पुरावा म्हणून आयकराचीं व जीएसटीचीं विवरणपत्रें, उद्यम-नोंद, खाद्यपदार्थांचा परवाना हीं सारीं वर्षवार लावून ठेवावीं. धंदा घरगुती होता म्हणून कागद नाहींत, ही सबब चालत नाहीं. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें, आपल्या गैरहजेरींत गाळा कोण संभाळील, याचें उत्तर अर्जापूर्वीं घरांत ठरलें पाहिजे. मुलाखतींत तें विचारतात, आणि नवऱ्याच्या मौनाकडे बोट दाखवून तेथें भागत नाहीं.

आमच्याकडे तें असें ठरलें. पुतण्यानें प्रथमच तोंड उघडून शनिवार आपल्याकडे घेतला. बंधूंनीं, "बँकेंत चाळीस वर्षें दुसऱ्यांचे हिशेब पाहिले," असें पुटपुटत उधारीची वही मागून घेतली. भावजय गाळ्यावर जाऊं लागली, आणि चकल्यांच्या बाबतींत अकरा बायकांना तिचा जाच होतो अशी तक्रार आमच्या कानांवर आहे.

मुलाखतींत तिला त्या पंचाहत्तर दिवसांविषयींच बराच वेळ विचारलें, आणि प्रवेश मिळाला. सारें गोड झालें असें मात्र नाहीं. गेल्या दिवाळींत दोन जुनीं गिऱ्हाइकें तुटलीं, कारण माल वेळेवर गेला नाहीं. पहिल्या परीक्षेंत तिला संख्याशास्त्रांत जेमतेम गुण पडले व ती रात्रभर जागी होती. परंतु माघांत पुन्हां एक मोठी मागणी आली, मुदत साठ दिवसांची. तिनें कागद पेन्सिल घेऊन किती रक्कम अडकेल तें मांडलें, तीस दिवस व निम्मा माल असें उलट कळविलें, आणि तें मान्य झालें. पाटल्या हातांतच आहेत.

आतां एक गोष्ट आमच्याबद्दल. आम्ही मॅट्रिक, पुढें संस्कृत पाठशाळेंत शिकलों, आणि त्यावर उभी हयात वर्गांत काढली. एकेचाळिसाव्या वर्षीं बाहेरून बी. ए. ला बसण्यासाठीं आम्हीं अर्ज आणला होता. परीक्षेच्या दालनांत आपलेच जुने विद्यार्थी शेजारच्या बाकावर असतील, या एका विचारानें तो भरला नाहीं. समिधा हातीं घेण्याची कथा वर्गांत दरवर्षीं सांगणाऱ्या मास्तरास स्वतःच्या हातीं समिधा जड झाल्या. तो कोरा अर्ज आमच्या ट्रंकेंत पंचवीस वर्षें पडून आहे. सूनबाईनें परवां तो पाहिला. हंसली नाहीं. "मुक्त विद्यापीठाचा नवा आणून देऊं का?" असें विचारून पुढें म्हणाली, "पण काका, तुमचा प्रश्न कोणता तें आधीं सांगा."

उत्तर अद्याप लिहितां आलेलें नाहीं. असो.